टोकावड्याच्या हॉलची फी

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर कुणालीनं तळहात ठेवला. प्लास्टर अजून ओलसर होतं, हाताला गार लागलं. इथं दार असायला हवं होतं. तिनंच नकाशात काढलेलं, दोन झडपांचं, बाहेरच्या अंगाला उघडणारं रुंद दार. ती हॉलला वळसा घालून मागे जाऊन आली. मागे दाराच्या जागी पत्र्याची खोली उभी होती आणि खोलीला कुलूप होतं.

"बघून झालं का गो?" हॉलमधून शाम आतोबांची हाक आली. "ये भायेर. दादा-वहिनी आली."

सापगावहून तिचे आईवडील जीपने आले होते. सोबत धाकटा भाऊ रितेश. वैशाखात त्याचं लग्न. टोकावड्याच्या या नव्या मंगल कार्यालयातलं ते पहिलंच कार्य होतं. मांडव कुठं, पंगती कुठं, नवरीकडची उतरणार कुठं, हे ठरवायला सगळे आज आतोबांकडे जमले होते. कुणालीला मात्र आणखी एक काम होतं. काम नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला तिच्या सहीनं जाणार होता. त्या दाखल्यावर बँकेचा शेवटचा हप्ता अडकला होता आणि ग्रामपंचायतीची परवानगीही.

हॉलमध्ये रंगाचा वास कोंडला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या अजून कोऱ्या, एकात एक अडकवलेल्या. शाम आतोबांनी त्यातल्या चार मोकळ्या करून मांडल्या होत्या. कुणाली येऊन बसली तशी त्यांनी दाखल्याचा कागद टेबलावर पुढे केला आणि त्यावर एक जाड पाकीट ठेवलं.

"हे तुझं," ते म्हणाले. "सगळं नाय, पण बरंच हाय. बाकीचं रितेशच्या लग्नात वळतं करू. हॉलचं भाडं मी घेनार नाय. झालं? आता सही कर, मंग जेवू."

कुणाली पाकिटाकडे बघत राहिली. वर्षभर ती याच पाकिटासाठी टोकावड्याला खेपा घालत होती. आधी सळईचे भाव वाढले म्हणून थांब, मग दिवाळी होऊ दे, मग बँकेचा हप्ता येऊ दे. एकदा तर आतोबा चारचौघांत हसत म्हणाले होते, घरच्याच पोरीची कसली आलीये फी? शहापूरला एसटी स्टँडसमोर औषधाच्या दुकानावरची एक खोली, एवढंच तिचं ऑफिस. तिचं हे पहिलं मोठं काम. कल्याणच्या ज्या इंजिनियरनं खांब आणि स्लॅबचा हिशोब करून दिला, त्याचे पैसे तिनं केव्हाच चुकते केले होते. तिच्या पदरात मात्र अजून काही पडलं नव्हतं.

आणि आज, नेमकं आज, पाकीट समोर होतं.

तिनं ते उचललं आणि कागदावरून बाजूला ठेवलं.

"आतोबा, मागचं दार बंद केलंय तुमी."

"अगो, ते होय! भांडारघर केलंय तिथं. मुरबाडचा आचारी भांडीकुंडी ठेवायला बारमाही घेतोय. त्यानं आगाऊ पैसेपन दिलेत."

"दार उघडेपर्यंत मला सही करता येणार नाही."

शाम आतोबांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ते रितेशकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? पैसे कमी वाटतायत तुझ्या बहिनीला."

रितेशच्या डोळ्यांपुढे छापून आलेल्या पत्रिका उभ्या राहिल्या. त्यांवर याच कार्यालयाचं नाव होतं. नवरीच्या, रुपालीच्या घरी त्या वाटूनही झाल्या होत्या. रुपालीच्या काकांनी दोनदा विचारलं होतं, हॉल नक्की तयार होतोय ना? त्यानं दोन्ही वेळा छाती ठोकून सांगितलं होतं, माझ्या बहिणीनं बांधलाय.

"ताई, तू आत्ता हे काढू नको," तो म्हणाला. "तुझे पैसे बुडाले, मला मान्य हाय. पन आतोबा देतायत ना आता? माझ्या लग्नावर कशाला राग काढतेस?"

"पैशाचं नाय बोलत मी, रितेश. दाराचं बोलतेय."

"दाराचं काय एवढं? पुढं एवढं मोठं दार हाय."

"पुढं आहे. आणि बायका कुठं असतात लग्नात? मागं. चूल मागं, सिलिंडर मागं, तान्ही पोरं घेऊन बसलेल्या मागं. तिथं काही झालं तर शंभर माणसांतून वाट काढत पुढं यायचं त्यांनी?"

"काय होनार हाय?" शाम आतोबा म्हणाले. "चांगल्या कामाच्या आधी असलं बोलू नये गो."

कुणालीचा बाप कमळाकर इतका वेळ गप्प होता. बहिणीच्या घरी आलं की तो नेहमीच गप्प बसायचा. प्रेमा त्याची एकुलती बहीण, वडिलांमागे त्यानंच तिचं लग्न लावून दिलेलं. दाजी मानी माणूस. त्यांना काही लागेल असं बोलायचं नाही, हे त्यानं स्वतःला घालून घेतलेलं होतं. मुलीनं घरच्या माणसाकडे पैशाचा तगादा लावावा, हेच त्याला वर्षभर खुपत होतं. रस्त्यात दाजी भेटले की तो नजर चुकवायचा. देणं जणू त्याचंच होतं.

"कुणाली," तो हळू आवाजात म्हणाला, "दाजी मोठे हायेत. त्यांनी पाकीट पुढं केलंय. घे नि सही कर. दाराचं मागनं बघतील ते."

"मागनं कोण बघतंय, बाबा? एकदा सही गेली की बँक बघायची नाय नि पंचायतपन बघायची नाय."

"मी सांगतोय ना."

"तुमी सांगताय म्हनून मी वरीसभर गप बसले."

कमळाकरनं मान खाली घातली. तेवढ्यात कुणालीची आई, भागीरथी बोलली. ती भिंतीशी बसून मुलाच्या हळदीच्या सामानाचा विचार करतेय असं सगळ्यांना वाटत होतं.

"वरीसभर गप बसली, पन कल्यानच्या इंजिनियराला नाय गप बसवता आलं," ती म्हणाली. "त्याचे पैसे कुटनं दिले, विचारलंत का कदी पोरीला?"

"कुटनं दिले?" कमळाकरनं विचारलं.

"माझ्या भेंडीच्या पैशातनं. दोन हंगामांची भेंडी गेली त्यात. तुमाला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर तुमी म्हनला असतात, दाजींचं नाव खराब होईल. म्हनून मी नि तिनं मिळून दिले."

कमळाकर बायकोकडे बघतच राहिला. भेंडीला भाव मिळाला नाही, असं ती दोन हंगाम सांगत होती. त्यानं ते खरं मानलं होतं. एकदा तर व्यापाऱ्याशी भांडायलाही निघाला होता. तिनंच अडवलं होतं.

"वहिनी, तुमी लावून बोलताय आता," शाम आतोबा उठून उभे राहिले. "मी काय पळून चाललोय? घर बांधनाऱ्याला विचारा पैसा कुठं कुठं जातो ते. आनि ही कालची पोर मला अडवतेय!"

त्याच वेळी प्रेमा चहाचा ट्रे घेऊन दारात आली. हॉलला लागूनच त्यांचं घर होतं. गुडघे दुखत असल्यामुळे ती हल्ली हॉलकडे फारशी फिरकत नसे.

प्रेमाला भाचीचा राग होता. वर्षभर साठलेला. लहानपणी उन्हाळ्याची सुटी कुणालीनं याच घरात काढलेली, आत्या-आत्या करत पाठीमागे फिरलेली. आणि आता टोकावड्याला आली की यजमानांशी कामाचं बोलून परस्पर निघून जायची. चहालाही थांबायची नाही. एवढे पैसे घेतले आणि वर माया पण संपवली, असं प्रेमा मनाशी म्हणायची.

"आवाज कसले चालल्यात?" तिनं ट्रे खुर्चीवर ठेवला. "कोनाला अडवतेय कुणाली?"

"काय नाय," शाम आतोबा घाईनं म्हणाले. "तू चहा दे."

"माझ्या फीचं चाललंय, आत्या," कुणाली म्हणाली. "आणि मागच्या दाराचं."

"फीचं? फी तर दिवाळीलाच दिली ना तुला?"

बाहेर माळशेजकडे जाणारी एसटी गियर बदलत चढावर गेली, तिचा आवाज हॉलभर घुमला.

"मला काही मिळालं नाही, आत्या. एक रुपयापन नाही."

प्रेमानं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे बघत होता.

"तुमी सांगितलंत मला," ती म्हणाली. "भाऊबिजेच्या दिवशी सांगितलंत. कुणालीचे देऊन टाकले, आता डोक्यावर काय नाय. मी देवापुढं साखर ठेवली."

"द्यायचेच होते. तेवढ्यात सळईवाला..."

"नि दार?" प्रेमा आता भाचीकडे वळली. "दाराचं काय म्हनलीस?"

"स्वयंपाकघराचं मागचं दार विटांनी बंद केलंय. तिथं भांडारघर बांधलंय."

"ते मला ठाव हाय. तूच नकाशा बदललास ना? हे म्हनले, कुणालीच म्हनते दाराची गरज नाय."

"मी?" कुणालीचा आवाज चढला. "आत्या, ते दार तू सांगितलंस म्हणून काढलं होतं मी. मी कशाला बदलीन?"

प्रेमा जवळची खुर्ची धरून खाली बसली. भाचीच्या चेहऱ्याकडे बघता बघता तिच्या ध्यानात येत गेलं. ही पोर चहाला थांबत नव्हती ती माया संपली म्हणून नव्हे. हिला वाटत होतं, आत्याला सगळं ठाऊक आहे आणि तरीही आत्या गप्प आहे.

"तुला काय सांगितलं होतं तिनं?" कमळाकरनं मुलीला विचारलं.

कुणालीऐवजी प्रेमाच बोलली. "दादा, आपली तानी आठवते?"

कमळाकरला आठवायची गरज नव्हती. तानी त्यांची चुलत बहीण. मुरबाडकडच्या एका गावात लग्नाला गेले होते सगळे. कमळाकर तेव्हा मिसरूड फुटलेला पोर होता, प्रेमा परकरात होती. रांधायच्या जागी पेट्रोमॅक्सची बत्ती कलंडली आणि कनातीनं पेट घेतला. बायका तिन्ही बाजूंनी कापडात अडकलेल्या. पुढच्या बाजूला वऱ्हाड दाटलेलं, वाट मिळेना. कमळाकरनं नारळ सोलायला ठेवलेला कोयता उचलला आणि मागून कनात उभी फाडली. त्या फटीतून बायका एकेक करून बाहेर पडल्या. प्रेमा निघाली, तानी सगळ्यात शेवटी निघाली. तानी जगली, पण भाजलेल्या गळ्यावरून पदर घेतल्याशिवाय ती पुन्हा कधी माणसांत आली नाही. तिचं लग्नही झालं नाही.

"नकाशा काढायच्या वक्ताला ही माझ्याजवळ येऊन बसली," प्रेमा सांगत होती. "म्हनली, आत्या, हॉल कसा पायजे तुला? मला कोनी कदी असं विचारलं नव्हतं, दादा. मी म्हनलं, मला बाकी काय कळत नाय. पन मांडव पेटला तवा मागनं वाट नव्हती, म्हनून आमची तानी भाजली. बायांसाठी मागनं मोठं दार ठेव. भायेर उघडनारं. एवढंच मी मागितलं."

कमळाकर उठला. दाजींसमोर तो असा ताठ उभा राहिलेला कुणालीनं कधी पाहिला नव्हता.

"दाजी," तो म्हणाला, "मी आत्ताच पोरीला म्हनलो, सही कर. ते मी मागं घेतो. ती करनार नाय सही. नि माझ्या पोराची हळद या हॉलात होनार असेल, तर ते दार उघडल्यावरच होईल. नायतर आमच्या सापगावच्या खळ्यात मांडव घालू."

"बाबा!" रितेश म्हणाला. पण तानीआत्याला तो लहानपणापासून बघत आला होता. तिच्या गळ्याकडे बघायचं नाही, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. का, ते त्याला आज कळत होतं. त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तो बाहेर गेला. गवंड्यांनी कोपऱ्यात टाकलेला घण घेऊन परत आला.

"आतोबा, कुलपाची चावी द्या," तो म्हणाला. "आनि राग धरू नका."

शाम आतोबा खिडकीशी उभेच होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची घरं बांधली. आधी गवंडी म्हणून, मग ठेके घेऊन. हा हॉल त्यांचा स्वतःचा पहिला. पायापासूनच पैसा पुरत नव्हता. हे ते कोणापुढे बोलले नव्हते. बायकोपुढे तर नाहीच. दिवाळीला तिनं विचारलं, कुणालीचे दिले का, तेव्हा तोंडून हो निघून गेलं. एकदा हो म्हटल्यावर मागे येता येईना. आचाऱ्यानं आगाऊ रक्कम पुढे केली तेव्हा रंगाचे पैसे द्यायचे थांबले होते. दार बंद करताना त्यांना कुणाली आठवली नव्हती आणि तानीही नाही. फक्त रंगवाला आठवला होता.

स्वयंपाकघरातून पहिला घाव ऐकू आला. मग दुसरा. प्लास्टरचा पोपडा पडला.

"थांब, थांब!" शाम आतोबा एकदम ओरडले आणि आत धावले. "असा नको मारू, दारावरचा लिंटल हादरेल! वरनं खाली घे, एकेक थर. आन तो घण इकडं."

त्यांनी शर्ट काढून खिडकीच्या गजाला अडकवला. नुसत्या गंजीफ्रॉकवर त्यांनी विटांचा वरचा थर हलक्या हातानं सैल करायला घेतला. त्यांचा हात अजून तसाच सराईत होता. रितेश विटा उचलून बाजूला रचत होता. कमळाकरनं धोतर खोचलं आणि तोही हाताखाली उभा राहिला. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. खुर्चीवरच्या ट्रेमधला चहा केव्हाच निवला होता.

भिंत छातीपर्यंत उतरली तसा मागच्या खोलीतला अंधार दिसला. रितेशनं आतोबांकडून चावी घेतली, बाहेरून जाऊन कुलूप काढलं, पत्र्याचं दार उघडलं, आणि उजेडाबरोबर करवंदीच्या जाळीवरून येणारा वारा थेट स्वयंपाकघरात शिरला. भागीरथीनं कपाळाचा घाम पुसला. "आता कसं!" एवढंच ती म्हणाली.

भिंत तळापर्यंत उतरली तसे घामाघूम झालेले शाम आतोबा विटांच्या ढिगावर बसले.

"ही खोली काढतो मी," ते कुणालीकडे न बघता म्हणाले. "पत्रे तर नुसते टाकलेत. आठवड्यात मोकळं करतो. आचाऱ्याला त्याचे पैसे परत देतो."

"मग मी आठवड्यानं येते," कुणाली म्हणाली. "बघून सही करते."

"नि फी?"

रागानं बोलायची तिची तयारी होती. असा खाली बसलेला, गंजीफ्रॉकला विटांचा लाल धुरळा लागलेला माणूस समोर असेल, याची नव्हती.

"फी सहीची नाही, आतोबा. कामाची आहे. काम मी केव्हाच केलंय. सही नाही केली तरी ती तुमी द्यायची, आणि केली म्हणून जास्तपन नाही. रितेशच्या लग्नात वळतीपन नाही करायची. त्याचं भाडं तो देईल."

"देईन," रितेश म्हणाला.

"अडचण होती तर मला सांगायचं होतंत," ती पुढं म्हणाली. "मी थांबले असते. तुमी मला घरच्याच पोरीची कसली फी म्हनलात, ते लागलं मला."

शाम आतोबांनी मान हलवली. हातातली वीट त्यांनी ढिगावर ठेवली. "सांगायला लाज वाटली," ते म्हणाले. "तुला पैसे मागताना वाटली नसेल, तेवढी मला वाटली."

प्रेमा गुडघ्यांवर हात टेकत आली. विटांवर पाय देत ती त्या उघड्या जागेतून, पत्र्याच्या खोलीतून मागच्या अंगणात उतरली. तिथून वळून म्हणाली, "कुणाली, तू माझ्यासंगती घरात ये. बाकीच्यांना जेवू दे काय जेवायचंय ते. वरसाचं बोलायचं राह्यलंय आपलं."

कुणाली तिच्यामागून त्याच वाटेनं बाहेर पडली. पाकीट टेबलावर तसंच राहिलं होतं. प्रेमानं ते संध्याकाळी निघताना तिच्या पिशवीत घातलं. कुणालीनं या वेळी अडवलं नाही. मिळाल्याची पावती मात्र तिनं तिथंच लिहून दिली, आणि ती आतोबांनी नीट वाचून खिशात ठेवली.

परतीची जीप मुरबाडला आली. नाक्यावर कमळाकरनं गाडी थांबवायला सांगितली, उतरला, आणि गरम जिलबीचा पुडा घेऊन आला. पहिली जिलबी त्यानं बायकोपुढे धरली.

"भेंडीला भाव मिळाला नाय म्हनं," तो म्हणाला.

"नव्हताच मिळाला," भागीरथी म्हणाली आणि जिलबी घेतली. मागच्या सीटवर रितेश फसकन हसला. मग कुणालीला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं खिडकीबाहेर तोंड करून ते येऊ दिलं. वर्षभर खांद्यांवर धरून ठेवलेलं काहीतरी सैल होत होतं.

रितेशची हळद ठरल्या दिवशी, ठरल्या हॉलात लागली.

लग्नानंतरच्या पंधरवड्यात, एका सकाळी औषधाच्या दुकानावरच्या जिन्यात जड पावलं वाजली. शाम आतोबा पहिल्यांदाच कुणालीच्या ऑफिसात आले होते. सोबत टोपी घातलेला, तिच्या ओळखीचा नसलेला एक माणूस होता.

"बँकेचा हप्ता आला," आतोबा म्हणाले आणि राहिलेल्या रकमेचा चेक त्यांनी टेबलावर ठेवला. मग खोलीभर नजर फिरवली. ड्रॉइंगचा कलता बोर्ड, गुंडाळ्या, भिंतीवर लावलेला टोकावड्याच्या हॉलचा नकाशा. त्या नकाशापुढे ते जरा वेळ थांबले.

"हे सरळगावचे लखमाशेट," ते वळून म्हणाले. "यांना भाताची गिरण बांधायचीये. मी म्हनलं, माझ्या भाचीकडं चला. पन शेट, आधीच सांगतो. हिच्याकडं काम चोख, नि पैशाला टाळाटाळ चालत नाय. मी करून बघितलीये."

लखमाशेट हसले. "तुमची फी किती, ताई?"

आजवर हा प्रश्न आला की कुणालीची जीभ अडखळायची. आकडा सांगायच्या आधीच ती तो कमी करायची, वर म्हणायची, बघा, काय द्यायचं ते द्या. आज तिनं आकडा सांगितला. पुढं काही जोडलं नाही.

"बरं," लखमाशेट म्हणाले, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून बसले.